ताकाचा खांब

बाबा,

छपरीतला ताकाचा खांब आज खरवडून काढला. तुम्ही फासलेला हिरवा ऑइल पेंट, त्याखालची भेगा बुजवायची लांबी, सगळं निघालं. त्याखाली जे दिसलं ते तुमच्याखेरीज कोणाला सांगता येत नाही, आणि तुम्ही तर कधीचे फोटोत जाऊन बसलात. आपल्या घरात पत्र लिहायची रीतच नव्हती. तुम्ही सौंसरच्या ऑफिसात, मी आणि आई इथं पांढुर्ण्यात, आणि तुमचा निरोप यायचा तो बसच्या कंडक्टरजवळ, "शनिवारी येतो" एवढाच. उलट उत्तर द्यायची सोय त्यातही नव्हती, तेव्हा आजचं हे काही फार वेगळं नाही.

पहिल्यापासून सांगते. आपल्या वॉर्डातल्या लाकडी छपरांच्या घरांना नोटिसा आल्या आहेत. इंजिनियरकडून तपासून दाखला आणा, नाहीतर छप्पर उतरवा. गल्लीतल्या सगळ्यांनी उतरवायचंच ठरवलं. सगळ्यांना स्लॅब पाहिजेच होता, आयतं निमित्त मिळालं. आता दोन्ही बाजूंना स्लॅब आणि मधे आपलं कवेलूचं, मातीच्या कौलांचं घर आहे. शेजारची सून रोज कुंपणावरून विचारते, "ताई, तुमीबी टाकून घ्या ना स्लॅब. एकट्या जीवाले कायले पायजे हा पसारा?" ती वाईट मनाची नाही, डब्यात भाजीही देते. पण तिला कसं सांगू की एकट्या जीवालाच पसारा लागतो. कवेलू वाजतात, वासे करकरतात, माकडं उड्या मारतात, कोणीतरी घरात आहे असं वाटत राहतं. स्लॅबखाली मी आणि पंखा, दोघंच राहू. जन्मभर पॉलिटेक्निकात लाकडी बांधकाम शिकवलं मी. आधी पूर्ण विषय होता, मग एक धडा झाला, मग तो धडाही ऐच्छिक झाला आणि कोणी घेईना. निवृत्तीच्या दिवशी माझ्या गळ्यात हार घालणाऱ्या पोरीनं हळूच विचारलं, "मॅडम, तुमचा विषय कोणता होता?" मी सांगितलं तर म्हणाली, "अच्छा, फर्निचर." मी हो म्हटलं. हार गळ्यात असताना वाद घालणं बरं दिसत नाही.

स्वतःच्या घराच्या दाखल्यावर स्वतः सही करता येत नाही, ती दुसऱ्या इंजिनियरनंच करायची असते. पण त्याला बोलवायच्या आधी माझ्या हातानं सगळं तपासावं असं ठरवलं. छपरीचे चार खांब चांगले निघाले तर छप्पर राहील, नाहीतर मला ते उतरवावं लागेल आणि मग इथं राहण्यात काही अर्थ नाही. म्हणून मिस्तरीला निरोप दिला. तो पलीकडे सावरगावला राहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं काठांवरून एकमेकांवर दगड फेकत असताना नदी ओलांडून कोण येणार, तो तिसऱ्या दिवशी आला, कपाळावर चिकटपट्टी लावून. आम्ही लगेच कामाला लागलो.

ताकाच्या खांबाची गोष्ट तुम्हाला मी काय सांगावी. पण मला ती पुन्हा एकदा नीट मांडून पाहायची आहे, म्हणून सांगते. घर बांधलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. वर मयालीची आडवी तुळई बसली, वासे पडले, आणि मग तेव्हाचा म्हातारा मिस्तरी टोपी हातात घेऊन तुमच्यासमोर उभा राहिला. "साहेब, गलती झाली. हा सैपाकखोलीजवळचा खांब उलटा उभा झाला. बुडखा वर गेला." झाड रानात जसं उभं होतं तसंच घरात उभं करायचं, मुळाकडचा बुडखा खाली आणि शेंडा वर, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. चौकोनी तासल्यावर दोन्ही टोकं सारखी दिसतात. गाठींचा कल कोणत्या बाजूला आहे त्यावरूनच काय ते कळतं, आणि त्याला ते उशिरा कळलं होतं. उलटा खांब घर ओसाड करतो, असं म्हणतात. मिस्तरी ते बोलला नाही, पण आईनं पदर तोंडावर धरला होता. तुम्ही सिमेंटच्या पोत्यावर बसला होता. म्हणालात, "कोडात दाखव. कोणत्या कलमात लिवलं हाय, खांबाले बुडखा-शेंडा असते म्हणून? वजन दोन्हीकडून तेवढंच जाते." आई म्हणाली, "अहो, तो म्हणून राहिला तं फिरवून घ्या ना. एका दिवसाचं तं काम हाय." तुम्ही म्हणालात, "उद्या लोक म्हणतीन, सरकारी ओवरसियर बुडखा पाहून राहिला." आणि खांब तसाच राहिला.

आईनं पुन्हा वाद घातला नाही. तिनं आपला उपाय केला. राहायला आल्याबरोबर ताक घुसळायची दोरी तिनं त्याच खांबाला बांधली. "याले कामाले लावते. रोज लोणी पायलं का याचा राग निंघून जाईन," असं ती मला म्हणाली, तुम्हाला नाही. पहाट झाली आहे. चुलीवर पाणी आहे, आई पाटावर बसली आहे, पुढ्यात माठ आहे, आणि रवी खांबाच्या फासात फिरते आहे. मी अंथरुणातूनच तो आवाज ऐकते. ताकाचा पाण्यासारखा आवाज जड होत जातो आणि मग लोणी आलं हे तिच्या आधी मला कळतं. दोरी घासून घासून खांबाला तिच्या बसल्या छातीच्या उंचीवर खाच पडत गेली, माझं बोट आडवं मावेल एवढी. तुम्ही शनिवारी यायचे, चहा घेताना त्या खाचेवर अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "खांब कापून टाकते का काय ही बाई. कोडाप्रमाणं याची जाडी कमी झाली." आई म्हणायची, "कोडालेच पाजा मंग ताक."

कोड, कोड, कोड. आपल्या घरात देवाचं नाव इतक्या वेळा निघालं नसेल. बाकीच्या ओवरसियरांना इमारतीच्या नियमांचं ते पातळ पुस्तक ऑफिसच्या कपाटात आहे एवढंच माहीत. तुम्ही मात्र त्यातले झाडांचे तक्ते मला पाढ्यांसारखे म्हणायला लावले. साग कोणत्या गटात, साजा कोणत्या, हळदू कुठं चालतो आणि कुठं नाही. एकदा सुट्टीत रामाकोन्याला शाळेच्या छपराच्या कामावर नेलं होतं मला. मयाल चढवायची तयारी होती आणि तुम्ही खाली बसून तिच्या अंगावरून हात फिरवत होता. मधोमध, खालच्या कडेला, रुपयाएवढी गाठ निघाली. ठेकेदार म्हणाला, "साहेब, एवढ्याशा गाठीनं काय होते?" तुम्ही म्हणालात, "एवढ्याशा पोराइच्या डोक्यावर राहीन ते." मयाल बदलून घेतली. नंतर कडुलिंबाखाली डबा खाताना मला समजावलंत की ओझं आलं की लाकडाची खालची कड ताणली जाते, आणि गाठीपाशी रेषा तुटलेल्या असतात, म्हणून गाठ तिथं नको. मी विचारलं, हे सगळं त्यांना कसं कळलं? तुम्ही तोंडातला घास संपवला आणि म्हणालात, "कुठंतरी छप्पर पडलं असन ना वं. मंग लिवलं." त्या दिवशी पोळी-भाजीबरोबर आईनं लोण्याचा गोळा दिला होता आणि तो उन्हानं वितळून सगळ्या डब्यात पसरला होता.

मग आई गेली. कावीळ झाली, नागपूरला नेलं, आणली ती तशीच. मी अकरावीत होते. तेरवीला तिगावची आत्या पॅसेंजरनं आली होती. पंगती उठल्या, बायका छपरीत बसल्या, आणि आत्यानं त्या खांबाकडं हात केला. "मी तवाच म्हटलं होतं याले, फिरवून घे म्हणून. उलट्या खांबानं खाल्ली माह्या भावजयीले." सगळ्या बायका खांबाकडं पाहायला लागल्या. दोरी अजून बांधलेलीच होती. तुम्ही अंगणातून ऐकलं. मुलगा नाही म्हणून सगळं तुम्हीच केलं होतं, डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. तुम्ही आत गेलात, ते पुस्तक घेऊन आलात आणि आत्यासमोर मांडी घालून वाचायला लागलात. इंग्रजीत. खांबांचं सगळं प्रकरण, कलमामागून कलम, उंची आणि जाडीचं प्रमाण, ओल, गाठी, चिरा, टेकण. एकाही बाईला अक्षर कळत नव्हतं आणि एकही उठत नव्हती. मधे तुमचा आवाज बसला. पाणी मागितलंत, प्यालात, पुढं वाचलंत. शेवटी पुस्तक मिटून म्हणालात, "पाय बाई, कुठंच नाही. बुडखा नाही, शेंडा नाही. माही बायको काविळीनं मेली." आत्या रडायला लागली. मी दारात उभी होते. आई गेल्याचं दुःख होतंच, पण खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला तुमचा फार अभिमान वाटला. सगळं जग आईला काय झालं ते कुजबुजत होतं आणि एकटा माझा बाप ते पुस्तकात शोधून नाही म्हणून सांगत होता. मी लाकडाची इंजिनियर झाले ती त्या दुपारी. पुढची सगळी कॉलेजं, परीक्षा वगैरे नंतरची गोष्ट.

नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेढे आणले नाहीत, तुमची टोचणी दिली. सागाच्या मुठीची, टोक झिजून बारीक झालेली, लाकूड आतून कुजलं का ते पाहायची. "याच्यानं खोटं बोलता येत नाही," म्हणालात. मी बाहेरगावी खोली घेऊन राहायला लागले आणि तुमच्यासारखीच शनिवारची बस धरून घरी यायला लागले. आणि मग स्थळं पाहणं सुरू झालं. सौंसरकडची ती मंडळी आठवतात ना? मुलगा चांगला होता, मला आवडला होता. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगून ठेवते. तुम्ही त्या दिवशी फार खुशीत होता. पोहे झाले, चहा आला, मुलाच्या आईनं विचारलं की पोरीला हे लाकडाचं शिकायची आवड कशी लागली. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "आमच्या घरातच कोड हाय. माह्याकडून हिच्यात आला. उद्या हिच्या पोराइतही उतरन, पायजा तुमी." बाईंनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच राहिला. नवऱ्याकडं पाहिलं आणि बसची वेळ झाली म्हणून दोघं उठले, मुलगा वळून पाहत गेला.

आपल्या भागातच असं होऊ शकतं. मराठीत कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, हिंदीत कोढ म्हणजे महारोग, आणि इथं प्रत्येकाच्या तोंडात दोन्ही भाषा एकदम असतात. इमारतीच्या नियमांना कोड म्हणतात हे मात्र तुमच्या ऑफिसाबाहेर कोणाला माहीत नव्हतं. उत्तर आलंच नाही. शेवटी मध्यस्थाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुमी तं सोताच्या तोंडानं सांगतलं, घरात कोड हाय, पोरीत उतरला म्हणून." तुम्ही हसायला लागलात. मीही हसले, पोट धरून हसले. मग तुम्ही एकदम थांबलात आणि चष्मा पुसत बसलात. खुलाशाचा निरोप पाठवला, पण तोवर त्यांचं दुसरीकडं जमलं होतं. खरंच डाग असते तर काय झालं असतं, माणूस काय कातड्याशी संसार करतो, याचा मला वेगळा राग आला होता. पुढं आणखी स्थळं आली, गेली. कुठं माझी नोकरी आड आली, कुठं तुमचं एकटेपण, जावयाला सासरा सांभाळावा लागेल म्हणून. आणि गावात पुन्हा ते सुरू झालं. त्याइच्या घरी उलटा खांब हाय, घरात बाई टिकत नाही आणि पोरगी उजवत नाही. किराणा दुकानात माझ्या कानावर आलं तर तुमच्या कानावर आलंच असणार. मी घरी येऊन ते तुम्हाला विनोद म्हणून सांगितलं. तुम्ही "हं" म्हणालात आणि पेपर वाचायला घेतलात.

त्यानंतरच्या परीक्षांमध्ये मला ओळीनं काही शनिवार येता आलं नाही. आले तेव्हा छपरीतले चारही खांब हिरवेगार. ऑइल पेंट. सागवानाला. मी बॅगही खाली ठेवली नव्हती. तुम्हाला असं झापलं की शेजारी ऐकू गेलं असेल. "कोडात दाखवा बाबा, कुठं लिहिलं आहे सागाला रंग फासा म्हणून. ओल आत कोंडते हे तुम्हीच शिकवलं ना मला?" तुम्ही म्हणालात, "बरं दिसते." एवढंच. कमरेवर हात ठेवून, वाकून चालत होता. विचारलं तर म्हणालात, पायरीवरून घसरलो. मग माझं ताकाच्या खांबाकडं लक्ष गेलं. खाच नव्हती. आईच्या हातची तेवढी एकच वस्तू घरात उरली होती, आणि तिच्या जागी गुळगुळीत हिरवा रंग. मी विचारलं, "आईची खाच?" तुम्ही माझ्याकडं न पाहता म्हणालात, "बुजली लांबीत." रविवारच्या बसपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही स्टँडवर सोडायला आलात, संत्र्यांची पिशवी खिडकीतून दिलीत आणि बस हलेपर्यंत उभे राहिलात. बाप म्हातारा झाला, असं तेव्हा मनात आलं.

आता आजचं सांगते. मिस्तरी स्टुलावर चढून वरून खरवडत होता, मी खाली पाटावर बसून. मला खाच शोधायची होती. आईच्या छातीची उंची माझ्या हाताला पाठ आहे. पेंट काढला, लांबी निघेल म्हणून पाहिलं, तर लांबी नाहीच. अखंड लाकूड. दुसरी बाजू पाहिली, तिसरी पाहिली, चौथी पाहिली. लाकूड जखम भरून काढत नाही, मेलेलं असतं ते, हे मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल, तरी एक क्षण मला वाटलं, भरून आलं की काय. तेवढ्यात वरून मिस्तरी म्हणाला, "मॅडम, ह्याले तुमी ताकाचा खांब म्हणता ना? मंग इतक्या उंच कोण घुसळत होतं?"

मी स्टुलावर चढले. मयालीच्या खाली, माझ्या डोक्याच्याही वर, लांबी भरलेली खाच होती. त्यानं अर्धी मोकळी केली होती. मी उरलेली बोटानं काढली. बोट आडवं मावलं.

मिस्तरीला चहा घ्यायला पाठवलं आणि मी कारण शोधायला बसले, तुम्ही शिकवलं तसं. आधीचं खालचं टोक कुजलं असेल, म्हणून तुम्ही खांब फिरवला असेल. ते टोक आता वर आहे, तिथं तुमची टोचणी लावली. टोक आत जाईना. उधई, वाळवी लागली असेल, तर तिचा मागमूस नाही. ओल मोजली, ह्या पावसाळ्यातही कमी. चीर नाही. गाठी पाहिल्या, त्यांचा कल आता रानातल्यासारखा, बुडख्याकडून वर. खांब आणि मयालीच्या मधे ठोकलेली पाचर दिसली, इतकी वर्षं जिला मी मिस्तरीची हयगय समजत होते. खांब काढून फिरवून बसवला, टोक नव्यानं कोरावं लागलं, उंची थोडी कमी पडली, म्हणून ती पाचर. सगळं कोड मी मनात वाचून काढलं, बाबा, तेरवीला तुम्ही वाचलं होतं तसंच. एकही कारण सापडलं नाही. म्हणजे एकच कारण उरतं.

तुम्ही भ्यालात. माझ्यासाठी भ्यालात. मी नव्हते तेव्हा बल्ल्यांचे टेकू लावून मयाल उचललीत, कमर मोडून घेतलीत, खांब फिरवलात, आणि कोणाला कळू नये म्हणून आईची खाच बुजवून चारही खांब रंगवलेत. कोणाला हाताशी घेतलंत? त्या म्हाताऱ्या मिस्तरीलाच ना? त्याच्यापुढं जाऊन काय म्हणालात, कोणत्या तोंडानं? ज्याला कोडात दाखव म्हटलं होतं त्याच्या ओट्यावर तुम्ही उभे आहात, हे मी दुपारपासून डोळ्यापुढून हलवू शकत नाही. आत्या म्हणायची, एकुलत्या एका पोरीचे फार कोड पुरवते माहा भाऊ. मला राग यायचा. कसले कोड, फ्रॉक यायचा तो दिवाळीला, तोही दोन मापं मोठा. आता कळलं, पण आता आत्याही नाही.

मला सांगितलं का नाही, हे विचारणार होते. पण ते माझं मलाच माहीत आहे. घरात उरलेलं माणूस मी एकटी, आणि मी तुमचीच भाषा बोलत होते. तुम्ही घाबरून माझ्याजवळ आला असता तर मी हसले असते आणि म्हटलं असतं, कोडात दाखवा. म्हटलंच ना, हिरव्या रंगावरून. लग्न झालं नाही याची मला हळहळ नाही, बाबा. असलीच तर थोडी, पावसाळ्यात. पण तुम्ही त्या खांबाखाली एकटे भीत बसत होता आणि मी दर शनिवारी येऊन तुमच्यासमोर जेवून जात होते, हे मला सोसवत नाही. तुम्ही वारलात तेव्हाही मी शेवटपर्यंत तुमच्या बरगड्यांवरून हात फिरवत डॉक्टरांशी औषधांचं बोलत होते. काही सांगायचं आहे का, असं विचारायचं सुचलं नाही.

छपराचं म्हणाल तर ते राहील. ताकाचा खांब ठणठणीत आहे. विहिरीकडचा कोपऱ्यातला मात्र बुडाशी गेला, तुमच्या त्या पेंटनं ओल आत कोंडली आणि टोचणी मुठीपर्यंत आत गेली. मी नाही म्हटलं होतं का तेव्हा? एक बदलला की दाखला मिळेल. मिस्तरीनं नवा सागाचा खांब आणून अंगणात ठेवला आहे. हे पत्र त्याच्याखाली, दगडाच्या खाचेत ठेवावं असं मनात आलं होतं. पण लाकडाखाली कागद ठेवला की उधईला आमंत्रण, आणि तुम्ही रागावाल. तेव्हा टोचणीच्याच खणात ठेवीन.

आणखी एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी नवा खांब तपासला. ओल पाहिली, गाठी पाहिल्या, रेषा सरळ आहेत का ते पाहिलं. सगळं कोडात बसत होतं. मिस्तरी घरी जायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवून विचारलं, बुडखा कोणत्या अंगाला हाय? त्यानं हात ठेवून दाखवलं. मी खडूनं बाण काढला, उद्या चुकू नये म्हणून. तो म्हणाला, "मॅडम, इंजिनियर असून तुमीबी हे मानता?" मी म्हटलं, "मी नाही मानत. आमच्या बाबाइचा नियम हाय." तो बरं म्हणून गेला. तुमच्या नावावर खपवलं ते. तुम्ही निदान माझ्यासाठी भ्यालात, बाबा. ह्या घरात आता जिच्यासाठी भ्यावं अशी दुसरी कोणी नाही, बाण मी माझ्यासाठीच काढला.